राजापुरात दिलेला होकार

तुम्हांला जाऊन काल महिना झाला. भेटायला येणारी माणसं आता थांबली. आली तेवढी सगळी तुमच्याबद्दल चांगलंच बोलून गेली. हात चांगला होता म्हणाली, बोलणं गोड होतं म्हणाली, उरलेला कपडा गिऱ्हाइकाला परत देणारा शिंपी रत्नागिरीत दुसरा नव्हता म्हणाली. मी मान हलवत बसले. त्यांच्यातल्या निम्म्यांनी मधली दोन वर्षं आपल्या ओटीची पायरी चढली नव्हती, तेही मला आठवत होतं. पण बोलले नाही. तुम्हांला आवडलं नसतं.

लिहायला बसले आहे ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. एक गोष्ट मी तुम्हांला वीस वर्षं सांगितली नाही. सांगायला वेळ पुष्कळ होता. माझं अक्षर तुम्ही पाहिलं आहे. चौथीपर्यंतची शाळा, त्यावर गिऱ्हाइकांची मापं लिहून काढायची, तेवढाच सराव. तरी लिहिते. तोंडानं जमलं नाही, हातानं जमतं का पाहू.

द्वारकी झाली तो दिवस आधी आठवतो. सुईण तिला पुसत होती आणि मध्येच थांबून म्हणाली, "काजूच्या बोंडाचे डाग पडल्यागत दिसतंय गो पोरीच्या अंगावर." पोटावर, मांडीवर, पाठीवर, फिकट तपकिरी, कडा सारख्या. काजूच्या बोंडाचा डाग कापडावरनं कधी जात नाही हे शिंप्याच्या घरात कुणी सांगायला नको. तुम्ही तिला उचलून दाराच्या उजेडात नेलंत आणि बराच वेळ पाहत उभे राहिलात. मला वाटलं, पहिली लेक, बाप कौतुक करतोय. परत आणून माझ्या कुशीत ठेवलीत आणि म्हणालात, "नाक तुझ्यावर गेलंय." एवढंच.

आपल्याकडं पुरुषमाणूस घरात उघडाच वावरतो. कमरेला पंचा, खांद्यावर टॉवेल. तुम्ही मात्र वैशाखातसुद्धा बंडी काढायचा नाहीत. विहिरीवर सगळ्यांच्या आधी जायचात आणि अंग धड पुसायच्या आत बंडी चढवायचात. पाठीवरच्या, छातीवरच्या त्या मऊ गाठी, काही वाटाण्याएवढ्या, काही सुपारीएवढ्या, मला अंधारात हाताला लागायच्या. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. नवराबायकोत असं पुष्कळ असतं, असं मी धरून चालले होते.

द्वारकी चार वर्षांची झाली आणि तिच्या उजव्या पापणीवर गाठ आली. आधी तांदळाच्या दाण्याएवढी, मग चिंचोक्याएवढी. आपण तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर वयस्कर होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. त्यांनी तिचं झबलं वर करून डाग पाहिले, मोजले, आणि विचारलं, "घरात आणखी कुणाच्या अंगावर असं काही आहे?"

मी तुमच्याकडं पाहिलं नाही. तुम्ही कोटाची बटणं काढलीत, मग सदऱ्याची. उजेडात मी ते पहिल्यांदा पाहत होते. डॉक्टरांनी तुमच्या पाठीवरून हात फिरवला, एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं, त्यातलं एक चित्र तुम्हांला दाखवलं. चित्रातला माणूस गोरा होता, पाठ तुमची होती.

"हे फार क्वचित दिसतं," डॉक्टर म्हणाले. "रक्तातून येतं. तुमच्याकडून हिला आलं. महारोग नव्हे, शिवल्यानं कुणाला होत नाही. औषध नाही याला. एखादी गाठ फार वाढली तर कापायची. पुढच्या मुलांना येईल किंवा येणारही नाही, सांगता येत नाही."

परतताना तुम्ही द्वारकीला खांद्यावर घेतलं होतंत. ती तुमच्या टोपीशी खेळत होती. उतारावर मी तुम्हांला गाठलं आणि म्हणाले, "मला फसवलंत तुम्ही. लग्नाआधी सांगायला हवं होतंत."

तुम्ही चालत राहिलात. पुढं बघूनच म्हणालात, "हो. सांगायला हवं होतं."

त्या दिवसापासून तुमचं अंथरूण ओटीवर गेलं. शिलाईचं यंत्र तिथं आहे, कुणी उचलून नेईल, असं तुम्ही आपल्या आईंना सांगितलंत. मला काहीच सांगितलं नाहीत. मीही आत या म्हटलं नाही. तेरा वर्षं तुम्ही ओटीवर झोपलात. दुसरं मूल झालं नाही आणि लोक मला व्रतं सुचवत राहिले.

आता ती गोष्ट.

लग्नाआधी आमचा दादा तुम्हांला पाहायला राजापूरहून आला होता, आठवतं ना? एक रात्र राहिला होता. सकाळी तो लवकर उठून विहिरीकडं गेला आणि तुम्ही अंघोळ करत होतात. त्यानं तुमची पाठ पाहिली. तुम्हांला कळलं नाही. तो तसाच मागं फिरला. राजापूरला येऊन त्यानं स्वयंपाकघरात आईला सगळं सांगितलं. मी दाराआड तांदूळ निवडत होते. वडील नव्हते, माझ्या मागं तीन बहिणी होत्या, पण आमची आई वेगळीच बाई. तिनं मला आत बोलावलं. म्हणाली, "ऐकलंस ना? आता तूच सांग. नको म्हणालीस तर नको."

मी दादाला विचारलं, "स्वभावानं कसे आहेत?"

दादा म्हणाला, "हळू बोलतो. त्याच्या आईला दिसत नाही नीट, तर तिच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देत होता. मी बघतोय हे त्याला ठाऊक नव्हतं."

मी हो म्हटलं. कुणी लोटली नाही मला. सगळं ऐकून, समजून म्हटलं.

तेव्हा दवाखान्याच्या उतारावर मी जे बोलले ते खोटं होतं. तुम्ही मला फसवलं नव्हतं. मला ठाऊक होतं. फक्त ते लेकीला येईल हे ठाऊक नव्हतं, आणि ते तर तुम्हांलाही नव्हतं. त्या दिवशी तिच्या पापणीकडं पाहून मला जे भय वाटलं, ते कुठंतरी टाकायला जागा हवी होती. तुम्ही शेजारून चालत होतात. तुमच्यावर टाकलं. आणि तुम्ही ते इतक्या मुकाट्यानं उचललंत की परत मागायचं धैर्य झालं नाही. उद्या सांगू, चार दिवसांनी सांगू, असं करता करता ते जुनं झालं. जुनी गोष्ट उकरायला नवीपेक्षा जास्त जोर लागतो.

आपलं भांडण राहिलं ते निराळ्याच गोष्टीवर. तुम्ही द्वारकीला मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी शिवायचात, गळ्यापाशी बंद. सुंदर शिवायचात, काजाबटणांसकट, मामलेदारांच्या मुलीलाही तशी नव्हती. पण एप्रिल-मेच्या घामात पोरीच्या अंगावर घामोळं उठायचं. मी म्हणायची, "काढून टाका त्या बाह्या. दिसलं तर दिसलं."

"दिसलं की लोक विचारतात," तुम्ही म्हणायचात. "तिला उत्तर द्यायला लागू नये."

"उत्तर द्यायला शिकवा की. लपवलं की लोकांना वाटतं, लपवण्यासारखंच आहे."

बोलणारी कोण, तर मी.

आठव्या वर्षी पापणीची गाठ इतकी वाढली की तिचा उजवा डोळा झाकला. शाळेत फळा वाचायला ती हातानं पापणी उचलून धरायची. डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. होळी होऊन गेली होती, पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत जाऊन यायला हवं होतं. आई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून मी राहिले आणि तुम्ही दोघं बंदरावरून पडावात बसून बोटीवर गेलात. मी धक्क्यावर उभी होते. तुम्ही तिचं डोकं तुमच्या छातीशी धरलं होतं, वारा लागू नये म्हणून.

बोटीवर काय झालं ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. द्वारकीनं सांगितलं. तिनं तुम्हांला विचारलं होतं, "बाबा, हे फक्त मलाच आहे का?" आणि तुम्ही तिला डेकवरच्या माणसांपासून जरा दूर नेलंत, कठड्याशी बसवलंत आणि सदरा काढलात. ती म्हणाली, "मी सगळ्या गाठींना हात लावून बघितला. बाबांना गुदगुल्या होत होत्या." मग म्हणाली, "आई, मला बरं वाटलं गो. बाबांना पण आहे."

इस्पितळात गाठ कापली. पापणी थोडी खाली उतरलेली राहिली, पण डोळा मोकळा झाला. तुम्ही परत आलात तेव्हा तिच्या तोंडावर पट्टी होती, आणि बंदरावर उतरलेल्या माणसांनी ती पाहिली. तिथून लोकांचं बोलणं सुरू झालं. शिंप्याच्या पोरीला महारोग आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी परत पाठवली. शिंप्यालाही असणार, कधी अंग दाखवतो का तो?

शाळेच्या बाई घरी आल्या. भल्या बाई होत्या, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "मला कळतं हो," म्हणाल्या, "पण चार मुलींच्या आया रोज येऊन बसतात. थोडे दिवस नका पाठवू." लग्नसराईचे दिवस, पण गिऱ्हाइकं येईनाशी झाली. काहींनी कापायला दिलेलं कापड तसंच परत नेलं. तुम्ही सरकारी डॉक्टरांकडं गेलात आणि मराठीत लिहून घेऊन आलात, की हा रोग स्पर्शानं होत नाही. ती चिठ्ठी ओटीच्या खांबाला लावलीत. लोक लांबूनच वाचायचे. काही जण तर ती चिठ्ठी आहे म्हणूनच थांबेनात, काहीतरी असल्याशिवाय का लावली असेल म्हणून.

मग एका सकाळी मी तुम्हांला पेज घेऊन ओटीवर आले आणि दारातच थांबले. तुम्ही यंत्रापुढं बसला होता, कमरेला नुसतं धोतर, सदरा घडी करून बाजूला. रस्ता भर माणसांचा, बाजाराला जाणाऱ्यांचा. चाळीस वर्षं गावापासून लपवलेली तुमची पाठ रस्त्याकडं होती आणि ऊन तिच्यावर सरळ पडलं होतं. द्वारकी शेजारी बसून बटणं लावत होती. तिच्या पोलक्याच्या बाह्या तुम्ही कोपरापासून कापून टाकल्या होत्या.

तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "तू म्हणत होतीस ना." आणि पायानं यंत्राचं पायटं हलवायला लागलात.

टाका वाकडा जात होता, ते मला दिसलं. माणसं थांबायची. तुम्ही त्यांच्याशी बोलायचात, नेहमीसारखं हळू. "हे मला लहानपणापासून आहे. तुमचे सदरे मी इतकी वर्षं शिवतोय. मापं घेतोय. तुमच्यापैकी कुणाला झालंय का सांगा." कुणी तोंड फिरवून गेलं. एकानं शिवी दिली. दुपारी मासे विकून परत निघालेली रखमा खारवीण थांबली. टोपली डोक्यावरून उतरवून पायरीवर ठेवली आणि ओटीवर चढून तुमच्या पाठीकडं अगदी जवळून पाहायला लागली.

"शिंपीदादा," ती म्हणाली, "माज्या बापसाच्या पाटीवं असाच येक गोळा व्हता, नारळायवडा. बापूस दर्यात बुडून मेला, ह्येच्यानं न्हाय मेला." मग द्वारकीच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "नातवाला कुंची शिवायचीय. उद्या कापड आनते."

ती दुसऱ्या दिवशी खरंच आली. तुम्ही तीन दिवस तसे बसलात. चौथ्या दिवशी शाळेच्या बाई स्वतः येऊन द्वारकीला घेऊन गेल्या. खिडकीजवळ वेगळं बसवलं, पण बसवलं. गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत. उरलेली आली दोन-एक वर्षांनी, खादीच्या टोप्यांचे दिवस आले तेव्हा. एकाएकी गावात सगळ्यांना पांढरी टोपी हवी झाली आणि शिंपी पुरेनात. तुम्ही रात्रंदिवस टोप्या शिवत होता आणि मला म्हणालात, "सदरा चालत नव्हता माझ्या हातचा, टोपी चालते. डोक्याला महारोग होत नसावा." किती दिवसांनी आपण दोघं एकदम हसलो होतो. त्या वेळी सांगायला हवं होतं मी. हसणं संपलं आणि तुम्ही पुढची टोपी उचललीत.

तुमच्या त्या तीन दिवसांबद्दल मी तुम्हांला एक शब्दही बोलले नाही. आता बोलते. तुम्हांला किती लाज वाटत होती ते मला ठाऊक होतं. विहिरीवर अंधारात जाणारा माणूस भर बाजारात उघडा बसला, लेकीसाठी. माझ्या आईला मी दिलेला होकार किती बरोबर होता, ते त्या दिवशी मला दारात उभ्या उभ्या कळलं.

गेल्या वर्षी मालगुंडचं स्थळ आलं. पाहुणे बसले, द्वारकीनं पोहे आणले, आणि पोह्याला हात लावायच्या आत तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत. तिला काय आहे, तुम्हांला काय आहे, तिच्या मुलांना येईल किंवा न येईल. मुलाचे वडील म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत ते," आणि पोहे तसेच टाकून सगळे उठले. द्वारकी बश्या उचलत म्हणाली, "सुटले." पण चुलीपाशी पाठ करून ती बराच वेळ बसली होती.

तुम्ही मला म्हणालात, "मी तुझ्या बाबतीत जे केलं नाही, ते निदान तिच्या बाबतीत केलं."

माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात द्वारकी आत आली. मी तिच्या येण्याचं निमित्त केलं. खरं तर तिच्यासमोर सांगितलं असतं तरी चाललं असतं.

मग तुमच्या मांडीतली ती गाठ. इतकी वर्षं मऊ होती, ती कडक होऊन दुखायला लागली. पायटं हलवता येईना, तेव्हा द्वारकी खाली बसून हातानं पायटं हलवायची आणि तुम्ही वर कापड सरकवायचात. दोघांचा असा मेळ बसला होता की शिवण कुठं बदलली ते मलाही ओळखता यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, क्वचित एखादी अशी बिघडते. कापण्यापलीकडं गेली आहे. शेवटी शेवटी तुम्हांला ओटीवरून आत आणलं, माझ्या खोलीत. दोघींनी धरून आणलं. तेरा वर्षांनी तुमचं अंथरूण माझ्या अंथरुणाशेजारी आलं ते असं.

जायच्या तीन दिवस आधी तुम्ही शुद्धीवर होता. मी तुमच्या पाठीला तेल लावत होते. आता तुम्ही बंडी मागत नव्हता. भिंतीकडं तोंड करूनच तुम्ही विचारलंत, "यशोदे, मी तुला फसवलं, त्याची माफी केलीस का?"

आणि मी म्हणाले, "हो. केली."

माफी मागायची होती मी, ती मी देऊन बसले. तुम्ही निवांत श्वास सोडलात. त्या श्वासाकडं पाहून मला वाटलं, आता खरं सांगितलं तर यांना पुन्हा जागं केल्यासारखं होईल. असं मी माझ्या मनाला सांगितलं. खरं कारण भीती होती. तुम्ही वळून माझ्याकडं पाहाल आणि तेरा वर्षांचा हिशोब तुमच्या डोळ्यांत दिसेल, याची.

हे सगळं काल मी द्वारकीला सांगितलं. तुमचं मासिक श्राद्ध आटोपलं होतं, घरात दोघीच होतो. ती यंत्रापुढं बसून पाठ टेकून ऐकत होती. संपल्यावर तिनं यंत्रावरचं कापड घडी करून ठेवलं. मला वाटलं, मला जवळ घेईल.

"हे बाबांना सांगायला हवं होतंस," ती म्हणाली. "मला सांगून तुला मोकळं व्हायचं असेल, तर ते मला नाही जमायचं. ते बाबांचं होतं."

तिचं खरं आहे. तुमच्यासारखंच हळू बोलते, पण तुमच्यासारखं गिळत नाही. तुम्हीच शिकवलंत तिला.

मी उठून ताटं घ्यायला लागले. ती मागून आत आली, पाटावर बसली. मी भात वाढला. ती ताटाकडं बघत होती.

"आई," ती म्हणाली, "मामानं विहिरीवरचं सगळं सांगितलं होतं तुला? पाठीचं, सगळं?"

"सगळं."

"आणि तरी तू हो म्हणालीस."

"हो म्हटलं."

"मला वाटायचं," ती म्हणाली, "बाबांचं लग्न झालं ते कुणाला कळलं नाही म्हणून. माझं तर सगळ्यांना कळलेलं. म्हणून माझं व्हायचं नाही, असं मी धरून चालले होते." मग तिनं पहिला घास घेतला, आणि खाली मान घालून रडत रडत जेवली. मी तिच्या ताटात आणखी भात वाढला. तिनं नको म्हटलं नाही.